हौसेचा चाकू : किंमत आणि मोल



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस गाठून विचारले, "युनियनवाले तुम्ही, आणि चाकूवर बोलणार? ठाण्यावर कळवून ठेवले आहे ना?" त्यांची समजूत घालता घालता आमची पुरेवाट झाली. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आज ज्या चाकूंविषयी बोलावयाचे आहे त्यांनी कोणाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही; कारण ते बहुधा मखमलीच्या पेटीतून बाहेरच येत नाहीत.

कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तसे चाकू जमविणारेही लोक जगात आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, जपान या देशांत त्यांची मोठी बिरादरीच आहे. एकेका चाकूला चार-पाचशे डॉलर मोजणे त्यांना जड वाटत नाही, आणि कारागीर नामांकित असला तर ही मंडळी हजारांवर जातात. आपल्याकडच्या हंगामी कामगाराची कित्येक महिन्यांची कमाई त्या एका मुठीत मावते. हे पैसे सार्थकी लागतात का, असा प्रश्न आहे. 'श्रीमंतांचे चोचले' एवढे दोन शब्द उच्चारून टाळी घ्यावी आणि खाली बसावे, हे आम्हांस सोपे होते. परंतु चाकू हे हत्यार आहे, आणि हत्यार म्हटले की ते घडविणारा एक आणि वापरणारा एक, असे दोन कष्टकरी त्यात आलेच. जमविणारा हा तिसरा माणूस. या तिसऱ्याने मोजलेला पैसा जातो कोठे, याचा माग काढल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे आम्हांस वाटते.

प्रथम कापण्याचा हिशेब उरकून घेऊ. पाते कापते ते पोलादाला पाणी कसे दिले आहे, धारेकडे ते किती पातळ उतरवले आहे आणि धार ताजी आहे की नाही, यांवर. यांतली शेवटची गोष्ट विकत मिळत नाही. ती ज्याची त्याने सहाणेवर घाम गाळून मिळवावी लागते. फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० पासून ओपिनेल नावाचा मिटता चाकू होतो. लाकडाची गोल मूठ, साधे कार्बन पोलाद, आणि १९५५ पासून पाते अडकवून ठेवणारे एक फिरते कडे, बस्स. शेतकऱ्याच्या खिशाला परवडेल अशी त्याची किंमत. भाकरी, फळ, दोरी, काय वाटेल ते तो कापतो. आता याच्या पन्नासपट किमतीचा चाकू पन्नासपट कापतो काय? दुप्पटही कापत नाही. त्याची धार अधिक दिवस टिकते, तो गंजत नाही, बिजागरी लोण्यासारखी फिरते, हे सर्व कबूल. पण जी धार चटकन जात नाही ती चटकन येतही नाही. स्वयंपाकघरात विळीवर बसणाऱ्या माउलीला हे आम्ही सांगावयास नको.

गंज न चढणाऱ्या पोलादाची कथा येथे ओघाने येते, आणि ती सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. इंग्लंडातील शेफील्ड हे शहर चाकू-सुऱ्यांचे माहेरघर. तेथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली याने हे पोलाद काढले. हा पोलाद वितळविणाऱ्या कामगाराचा मुलगा. प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता रसायन शिकलेला. बंदुकीच्या नळ्या झिजतात त्यावर तो उपाय शोधीत होता. हे पोलाद चाकूला चांगले, असे तो सांगू लागला तेव्हा चाकूवाल्यांनी ते जुन्या पोलादासारखेच तापवले, जुन्यासारखेच पाणी दिले आणि पाती बिघडवली. 'न कापणाऱ्या चाकूचा जनक' म्हणून ब्रेअर्लीची थट्टा झाली. शेवटी मोस्ली यांच्या पोर्टलँड वर्क्स या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या व्यवस्थापकाने त्या पोलादाचा स्वभाव ओळखला, त्याला हवी तशी आंच दिली आणि चाकू कापू लागला. 'स्टेनलेस' हा शब्दही या स्टुअर्टचाच. आज आपल्या घराघरांत तो शब्द भांड्यांवरून गेला आहे. पाते चांगले होते ते त्याची आंच ओळखणाऱ्या माणसामुळे. नुसत्या पोलादाच्या नावाला पैसे मोजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी त्यांचे बरेच पैसे वाचतील.

तर मग कापण्यासाठी हे चाकू कोणी घेत नाही, हे उघड आहे. अमेरिकेत सेबेन्झा नावाचा एक मिटता चाकू फार नावाजलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतून आयडाहो संस्थानात येऊन राहिलेल्या ख्रिस रीव्ह या कारागिराची ती निर्मिती. किंमत चार-पाचशे डॉलरांच्या घरात. 'सेबेन्झा' या झुलू शब्दाचा अर्थ 'काम'. आणि जमविणारे काय करतात? पेटी, पावती, कागद सर्व जसेच्या तसे ठेवून पात्याला बोट लागू देत नाहीत, कारण एकदा का त्याने सफरचंद कापले की त्याची किंमत उतरली! 'काम' असे नाव असलेल्या हत्याराने काम केले म्हणून त्याची किंमत घसरावी, असा विनोद आम्हांस युनियनच्या सबंध कारकिर्दीत ऐकावयास मिळाला नव्हता.

यावर ही मंडळी म्हणतात, "अहो, ही गुंतवणूक आहे." तेही पाहू. बँकेत सात टक्क्यांनी ठेवलेली रक्कम दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे आज दहा हजारांना घेतलेला चाकू दहा वर्षांनी वीस हजारांना गेला, तरी आपण बँकेच्या बरोबरीलाच आलो. शिवाय विकताना मध्यस्थाचा वाटा असतो, लिलाववाल्याची दलाली असते. मधल्या दहा वर्षांत चाकू दमदार भाडेकरूसारखा काही मिळवून देत नाही. उलट त्याला तेल पुसावे लागते, कुलूप लावावे लागते.

आणि वस्तूची स्वतःचीही दुखणी असतात. सेल्युलॉइडच्या रंगीत मुठी एके काळी फार लोकप्रिय होत्या. हे सेल्युलॉइड म्हातारे झाले की आपोआप कुजू लागते आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चाकूंनाही गंजवते. बंद खणात एक मूठ नासली की सबंध खण नासतो. हस्तिदंताच्या मुठींचे दुखणे निराळे. ब्रिटनमध्ये २०१८ साली हस्तिदंताचा कायदा झाला व जून २०२२ पासून तो अमलात आला. १९४७ पूर्वीच्या ज्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी आहे ती, आणि असे आणखी काही मोजके अपवाद सोडले, तर त्याची खरेदी-विक्रीच बंद. ज्या खिशातल्या चाकूच्या दोन्ही बाजू हस्तिदंताच्या, तो या मापात बसणे कठीण. हत्तीच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. पण ज्यांनी मुलाबाळांसाठी म्हणून असे चाकू साठवले होते, त्यांची ठेव एका कायद्याने कपाटात अडकली.

बनावट मालाचे तर विचारूच नका. गेल्या शतकाच्या मागील शतकात शेफील्डहून अमेरिकेला 'बोवी' जातीचे मोठे सुरे जहाजे भरभरून जात. टेक्सासच्या लढ्यात १८३६ साली अलामो येथे मारल्या गेलेल्या जेम्स बोवीचे नाव त्यांना पडलेले. आज हे जुने सुरे फार महाग, म्हणून नवे सुरे करून त्यांवर जुना गंज चढविणारेही निपजले आहेत. जाणते लोक बारीकसारीक खुणा पाहतात. उदाहरणार्थ, अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ले जकातीचा कायदा केला व परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हा पात्यावर 'इंग्लंड' असे कोरलेले असेल आणि विकणारा त्याचे वय १८५० सांगत असेल, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. पण ही पारख येण्यास आयुष्य खर्ची पडते. आणि नफा व्हावयाचाच तर तो पारख्याला होतो, हौशी गिऱ्हाइकाला नव्हे.

येथवर आम्ही गिऱ्हाइकाच्या खिशाविषयी बोललो. आता घडविणाऱ्याकडे वळतो, कारण आमच्या मते खरा हिशेब तेथेच आहे.

शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये 'नॉरफोक चाकू' नावाची एक अजब वस्तू आहे. जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याने १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ती केली. एका मुठीत पंचाहत्तर पाती, मूठ मोत्याच्या शिंपल्याची, कोरीव, पात्यांवर चित्रे. ही पाती कोणी घासली असतील? त्या काळी शेफील्डला पोलाद ठोकणारा वेगळा, पाते दगडावर घासणारा वेगळा आणि जुळणी करून मूठ बसविणारा वेगळा, अशी वाटणी होती. पुष्कळसे कारागीर वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या सामाईक इमारतीत एकेक जागा भाड्याने घेत; हत्यारे स्वतःची, मजुरी नगावर. घासणारा मनुष्य घोड्यावर बसावे तसा लाकडी बैठकीवर बसे आणि समोर फिरणाऱ्या दगडी चाकावर ओणवा होऊन पाते दाबी. दगडाची आणि पोलादाची भुकटी थेट तोंडावर येई. एंगल्सने आपल्या १८४५च्या इंग्लिश कामगारांवरील पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांची साक्ष दिली आहे : कोरड्या दगडावर घासणाऱ्यांचे आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षे, ओल्या दगडावर घासणारेही पंचेचाळिशी क्वचितच ओलांडीत. काटे घासण्याचे काम कोरड्या दगडावर चाले, म्हणून ते सर्वांत घातक.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आम्ही बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही. धूळ ओढून घेणारे पंखे तेव्हाही निघाले होते. कामगारांनी ते नको म्हटले. काही ठिकाणी मोडूनही टाकले. का? तर धूळ गेली, माणसे जगू लागली, की या धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल. चार दिवस जगू, पण खाऊन-पिऊन जगू, असा त्यांचा विचार. हे ऐकून कोणी त्या कामगारांना अडाणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडच्या घासाईच्या खात्यांतूनही तोंडावर बांधावयाची फडकी व मुखवटे खुंटीला टांगलेले आम्ही पाहिले आहेत. विचारले तर उत्तर मिळते, "साहेब, ते बांधले की दम लागतो, नग कमी निघतात." नगावर मजुरी लावली की माणूस आपल्या फुप्फुसाची किंमत आपणच कमी धरू लागतो. दोष त्या दराचा आहे.

थोडे विषयांतर होईल, पण सांगून टाकतो. याच घासणाऱ्यांच्या धंद्यातून शेफील्डची ती कुप्रसिद्ध प्रकरणे उद्भवली. वर्गणी न देणाऱ्याच्या चाकाचे पट्टे पळवावेत, येथपासून १८६६ साली एका कामगाराच्या घरात बंदुकीची दारू उडविण्यापर्यंत मजल गेली. १८६७च्या चौकशीत करवती घासणाऱ्यांच्या संघाचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने माणूस मारण्यासाठी पैसे दिल्याचे स्वतः कबूल केले. त्याचे समर्थन कोणताही युनियनवाला करू शकत नाही. पण त्या वेळी संघांना कायद्याचे संरक्षण नव्हते, हेही तितकेच खरे. ते १८७१ साली मिळाले.

तेव्हा आज एखादा संग्राहक शेफील्डच्या जुन्या चाकूला मोठी रक्कम मोजतो, तिच्यातला छदामही त्या घासणाऱ्याच्या विधवेला पोचलेला नाही, आणि पोचणारही नाही. ती रक्कम एका विकणाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरते आहे एवढेच. जुन्या मालापुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे. तो ज्ञानासाठी घ्यावा, डोळ्यांच्या सुखासाठी घ्यावा. कारागिरीला आश्रय दिला असे मात्र म्हणू नये.

जिवंत कारागिराची गोष्ट वेगळी. शेफील्डच्या स्वतंत्र कारागिरांना तिकडे 'लिटल मेस्टर' म्हणतात. त्यांचा 'मेस्टर' आणि आपला 'मिस्त्री' हे शब्द एकाच मुळाचे, हे कळल्यापासून आम्हांस ते लोक आपल्या आळीतलेच वाटू लागले आहेत. त्या परंपरेतले स्टॅन शॉ हे १९२६ साली जन्मले आणि २०२१ साली वारले. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, ते इबर्सन यांच्याकडे पोरवयात उमेदवार म्हणून राहिले आणि जवळजवळ ऐंशी वर्षे त्यांनी खिशातले चाकू केले. पाते, स्प्रिंग, मूठ, सारे एकहाती. पोलादाचा धंदा बसला, स्वस्त परदेशी मालाने बाजार भरला, कारखान्यांमागून कारखाने बंद पडले. पण शॉ यांच्याकडे गिऱ्हाइकांची कित्येक वर्षांची रांग असे. ही रांग कोणाची? भाजी चिरणाऱ्यांची नव्हे, संग्राहकांची. एका माणसाचे हात चालू राहिले ते या हौशी लोकांच्या पैशावर. चोचले म्हणून ज्यांना आपण हिणवतो त्यांनीच एवढे केले, हे कबूल केले पाहिजे. तो पैसा सार्थकी लागला असे आम्ही बेलाशक म्हणतो.

मात्र रांग लागली की तेथे तिकिटांचा काळाबाजार करणाराही येतो. अमेरिकेत बॉब लव्हलेस (१९२९ ते २०१०) हा फार मोठा चाकूकार होऊन गेला. त्याची सुरुवातच रांगेपासून झाली. १९५३-५४च्या सुमारास तो व्यापारी जहाजावर खलाशी होता. न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात फ्लोरिडाच्या रँडल यांचा चाकू मागावयास गेला, तेव्हा नऊ महिने थांबावे लागेल असे उत्तर मिळाले. पठ्ठ्याने भंगारातून एका जुन्या पॅकार्ड मोटारीचा कमानपाटा मिळवला, जहाजाच्या स्वयंपाकघरातील चुलीवर तापवला आणि आपला चाकू आपणच केला. (आपल्याकडचे घिसाडी कमानपाट्याचे कोयते आजवर करीतच आले आहेत, त्यांची प्रदर्शने भरली नाहीत, एवढाच फरक.) पुढे लव्हलेसचे नाव असे झाले की, त्याने एका किमतीला दिलेला चाकू दुसऱ्याच्या हाती कितीतरी पट भावाने जाऊ लागला. ती वरची रक्कम लव्हलेसला मिळाली नाही. आधी नंबर लागलेल्या गिऱ्हाइकाला मिळाली. राबला एक, आणि फळ खाल्ले भलत्यानेच. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते श्रोत्यांस ठाऊक आहे.

सर्वच संग्राहक असे नसतात. आपल्या पुण्याचे दिनकर केळकर गावोगाव हिंडून दिवे, दौती, अडकित्ते जमवीत राहिले. अडकित्ता म्हणजे तरी काय, सुपारीचा चाकूच. घोड्याचे, मोराचे, बाईमाणसाचे आकार घेतलेले शेकडो अडकित्ते. त्यांनी आपला सबंध संग्रह १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला, आणि आज कोणीही तिकीट काढून तो पाहू शकतो. खुद्द शेफील्डलाही असाच एक प्रकार घडला. ज्या पोर्टलँड वर्क्समध्ये पहिले स्टेनलेस चाकू झाले, ती इमारत पाडून राहण्याच्या खोल्या काढण्याचा घाट होता. तेव्हा तेथले कारागीर आणि गावचे लोक यांनी भाग विकत घेऊन २०१३ साली ती इमारतच खरेदी केली, आणि तेथे आजही चाकूकार काम करतात. एका महाग चाकूचे पैसे अशा ठिकाणी घातले तर? संग्राहकांपुढे बोलण्याची संधी मिळाली असती, तर आम्ही हाच प्रस्ताव मांडला असता.

अमेरिकेतील लोहार-चाकूकारांची एक संस्था आहे. विल्यम मोरन यांनी ती १९७६ साली काढली. तिची परीक्षा आम्हांस फार आवडली. उमेदवाराने आपण घडवलेल्या पात्याने अधांतरी लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तोडावयाचा. मग इमारतीचे लाकूड दोनदा आरपार तोडावयाचे. एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवावयाचे. आणि शेवटी पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाचे. ते तुटता कामा नये. वाकलेला तो चाकू अर्थात कोणाच्या पेटीत जात नाही. आमच्या मते त्या धंद्यातला सर्वांत मोलाचा चाकू तोच, आणि तो विकाऊ नाही.

आता वेळ संपत आली, तेव्हा जपानची एक गोष्ट सांगून थांबतो. तेथे १८७६ साली सरकारने तलवार बाळगण्यास बंदी केली आणि अनेक तलवारकार सुऱ्यांकडे वळले. साकाई या गावात आजही पाते ठोकणाऱ्याचे घर वेगळे, धार काढणाऱ्याचे वेगळे, मूठ बसविणाऱ्याचे वेगळे. आणि पात्यावर शिक्का मात्र बहुधा घाऊक व्यापाऱ्याचा. अलीकडे काही दुकानदार ठोकणाऱ्याचे आणि घासणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला सांगू लागले आहेत. तेव्हा आपणांपैकी कोणाला असा महाग चाकू घेण्याची बुद्धी झालीच, तर दुकानदाराला एवढेच विचारावे की, पाते कोणी घासले? उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले, तर किमतीत खुशाल घासाघीस करावी.